घर विकताना टेप घेऊन येणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांचं कोकणातलं घर आम्ही तिघा भावंडांनी विकायला काढलं, तेव्हा वाटलं होतं की गिऱ्हाईक मिळणं हेच अवघड काम. गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं. पुढचे अकरा महिने मोजणी, फेरमोजणी आणि बँकेच्या व्हॅल्यूअरमध्ये गेले. त्यानंतर नात्यातलं, ओळखीतलं कोणी घर विकायला काढलं की मला फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवले. मी वकील नाही. फायली घेऊन फिरलेली बाई आहे.

मोजणीवाला, सर्व्हेअर, व्हॅल्यूअर ही एकाच माणसाची नावं ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. टेप घेऊन तुमच्या दारात तीन वेगवेगळी माणसं येऊ शकतात.

पहिला भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक. हा सरकारी नोकर. तुम्ही अर्ज केलात, फी भरलीत, म्हणून तो येतो आणि जमिनीची हद्द दाखवतो. घराच्या किमतीशी त्याला काही देणंघेणं नसतं.

दुसरा बँकेचा व्हॅल्यूअर. तुमचं घर घेणारा माणूस कर्ज काढत असेल तर त्याची बँक आपल्या यादीतल्या व्हॅल्यूअरला पाठवते. घर तुमचं, पण माणूस बँकेचा. त्याचा अहवाल बँकेला जातो आणि तुम्हाला तो बहुतेक दिसतही नाही.

तिसरा तुम्ही स्वतः पैसे देऊन बोलावलेला: खासगी सर्व्हेअर, किंवा कॅपिटल गेनच्या, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या कराच्या, हिशोबासाठी लागणारा नोंदणीकृत व्हॅल्यूअर.

समोरचा माणूस नीट वागत नसेल तर भांडायच्या आधी एवढंच बघा, की हा कोणाच्या सांगण्यावरून आलाय. सरकारी माणसाची तक्रार खात्याकडे करायची. बँकेच्या माणसाची बँकेकडे करायची, तीही खरेदीदारामार्फत. तुमच्या माणसाची ग्राहक आयोगाकडे. माझ्या आतेभावाने बँकेच्या व्हॅल्यूअरची तक्रार भूमी अभिलेखमध्ये दिली होती. तिथल्या क्लार्कने ती आवक नोंदवहीत चढवून शिक्काही मारून दिला, आणि दोन महिन्यांनी ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं उत्तर आलं.

फ्लॅट विकतोय. सरकारी मोजणी लागेल का?

नाही. फ्लॅटच्या विक्रीत जमीन मोजायचा प्रश्न येत नाही. तुमची गाठ फक्त व्हॅल्यूअरशी. खालचे मोजणीचे प्रश्न सोडून थेट तिकडे जा.

घर-जमीन आहे. मोजणी करूनच विकावं का?

कायद्याने सक्ती नाही. पण आता खरेदीदाराचे वकील ‘क’ प्रत मागतात, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर एक क्षेत्र, जागेवर कुंपण दुसरंच सांगतंय, असं असेल तर मोजणी आधी करून घ्या. गिऱ्हाईक दारात आल्यावर अर्ज करू नका, कारण मग घाई तुमची असते, आणि ती तुमच्या तोंडावर दिसते.

अर्ज ई-मोजणीच्या संकेतस्थळावर करता येतो. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. नगरपालिका-महापालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० रुपये. भरताना जो आकडा चलनावर येतो तोच द्यायचा. त्याच्यावर एक रुपयाही ‘फी’ नसते. मजूर, चुना आणि खुणेचे दगड मात्र तुम्हीच आणायचे असतात. ते कोणी मागितले म्हणून लाच मागितली असं समजू नका.

तारीख दिली आणि कोणी आलंच नाही. काय करू?

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत लिहा. फोन करू नका, लिहा. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या नावे चार ओळींचा अर्ज: मोजणी रजिस्टर नंबर अमुक, नोटिशीप्रमाणे तारीख अमुक, सकाळी इतक्या ते संध्याकाळी इतक्या वाजेपर्यंत आम्ही आणि लगतधारक (शेजारच्या जमिनीचे मालक) जागेवर हजर होतो, कोणीही आलं नाही, पुढची तारीख लेखी कळवावी. हजर शेजाऱ्यांच्या सह्या खाली घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आमच्याकडे पहिली तारीख अशीच गेली. मी अर्ज केला नाही, नुसता फोन केला. ‘साहेब दुसऱ्या ड्यूटीवर आहेत, कळवू’ असं उत्तर मिळालं. सहा आठवड्यांनी माहिती अधिकारात कागद मागितले तेव्हा त्या दिवशीच्या नोंदीत काय लिहिलेलं होतं? ‘अर्जदार गैरहजर’. मी आणि माझा भाऊ त्या दिवशी पडवीत बसून तिसऱ्यांदा चहा पीत होतो.

मोजणी नीट चाललीय की नुसतं नाटक, हे आम्हाला कसं कळणार?

सगळं कळायची गरज नाही. काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात.

पहिली म्हणजे जुने कागद. मोजणीदाराच्या हातात टिपण (पहिल्या मोजणीची अंतरं लिहिलेला कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशोब), हिस्सा पडलेला असेल तर फाळणी (हिस्स्यांचा नकाशा), यातलं काहीतरी असायला हवं. जमीन पहिल्यांदा मोजली गेली तेव्हा ३३ फुटांच्या साखळीने मोजली. त्या साखळीचे सोळा आणे. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, हे त्यातूनच आलं. आजचं यंत्र कितीही भारी असलं तरी त्याला हद्द माहीत नसते. हद्द त्या जुन्या टिपणात असते, यंत्र फक्त ती जमिनीवर उतरवतं. म्हणून ‘टिपण मिळालं नाही, आपण वहिवाटीने करून टाकू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. त्याहून बरं म्हणजे या कागदांच्या नकला आधीच अर्ज करून काढून ठेवा आणि त्या दिवशी हातात धरून उभे राहा. माणसाचं वागणं तेवढ्याने बदललेलं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, सुरुवात कुठून केली. आमच्या पहिल्या मोजणीत साहेब साडेअकराला आले. रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरून बिंदू मोजणाऱ्या यंत्राची, पिवळी पेटी जीपमधून उतरली आणि पडवीत टेकवली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधे चिऱ्याचा गडगा आहे, शेजाऱ्यांनी तो मागे एकदा पाडून नव्याने रचलेला. साहेबांनी तो गडगा हीच हद्द धरली आणि तिथून पुढे मोजायला घेतलं. म्हणजे जे तपासायला बोलावलं, त्यालाच खरं मानून सुरुवात! मदतनीस पोरगा फणसाखाली पोल धरून उभा होता. दाट झाडाखाली रोव्हरला नीट फिक्स (बिंदूची पक्की जागा) मिळत नाही, त्याला वर मोकळं आभाळ लागतं. अशा जागी ईटीएस (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावतात, नाहीतर मोकळ्या जागेवरून बिंदू घेऊन पुढे टेप लावतात. पोरगा दोनदा म्हणाला, ‘साहेब, फिक्स येत नाहीये.’ साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच ‘घे पुढे’ अशी खूण केली. दीड वाजता ते जेवायला गेले, शेजाऱ्यांच्या घरी.

मोजणीची सुरुवात जुन्या, वादात नसलेल्या खुणांपासून व्हायला हवी: हद्दीचा जुना दगड, तीन सर्व्हे नंबर एकत्र येतात तो कोपरा, गावच्या नकाशात असलेली विहीर किंवा रस्ता. ‘तुम्ही सुरुवात कोणत्या खुणेपासून केलीत?’ हा प्रश्न नम्रपणे विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. उत्तर देताना कोणी चिडलं तर तेही लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सही. जागेवर जबाब आणि पंचनामा होतो. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. ‘मोजणी मान्य आहे’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला मान्य नसेल, तर सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहा: ‘सुरुवातीच्या खुणेबाबत हरकत आहे.’ सही नाकारण्यापेक्षा हे चांगलं. सही नाकारली की कागदावर तुमचं म्हणणं उरतच नाही, उरते फक्त ‘सही करण्यास नकार दिला’ एवढी ओळ.

मोबाईलवर व्हिडिओ काढला तर चालतो का?

तुमच्याच जागेत, तुमच्याच कामाचा काढायला हरकत नाही. पण तोंडासमोर मोबाईल नाचवू नका. भांडण मोजणीवरून उठून मोबाईलवर जातं. घरातल्या एखाद्या पोराला बाजूला उभं करून खुणा, यंत्र आणि चुन्याच्या रेघा तेवढ्या टिपायला सांगा. फोटोत वेळ आणि ठिकाण येईल असं बघा.

नकाशा हातात आला आणि तो चुकलाय. आता?

आधी खात्री करा की खरंच चुकलाय. ‘क’ प्रतीवर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन वेगळ्या रेषा असतात, आणि कोपऱ्यात टीप असते. ती टीप कोणी वाचत नाही. वहिवाटीची रेषा पाहून ‘आमची चार फूट गेली’ म्हणून ऊर बडवून घेणारे मी पाहिलेत. त्यांचं काहीच गेलेलं नव्हतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये की आरमध्ये तेही पाहा. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा एकच धरले की मोठ्या जागेत फरक दिसायला लागतो, आणि तो मोजणीदाराचा दोष नसतो.

तरीही चूक वाटत असेल तर निमताना मोजणीसाठी अर्ज करायचा. म्हणजे फेरतपासणी, पहिल्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्याकडून. फी वेगळी भरावी लागते. तीही मान्य नसेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. अर्जात ‘मोजणी चुकीची आहे, न्याय मिळावा’ असलं काही लिहू नका. मुद्दे लिहा: सुरुवात कोणत्या खुणेपासून झाली, कोणता जुना दगड विचारात घेतला नाही, टिपणातलं अमुक अंतर आणि नकाशातलं अमुक अंतर यात किती फरक येतो.

आमच्या निमतान्याला आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते. आल्या आल्या गडग्याकडे गेलेच नाहीत. टिपण उघडलं, करवंदीच्या जाळीकडे बोट केलं आणि मजुराला म्हणाले, ‘तिथे साफ कर.’ अर्ध्या तासाने जाळीखाली दगड निघाला, शेवाळलेला, गुडघ्याएवढा. तिथून मोजल्यावर हद्द गडग्याच्या पलीकडे गेली. दोन माड आणि फणस आमच्याकडे राहिले. शेजारचे काका काही बोलले नाहीत, फक्त आत जाऊन त्यांनी रेडिओ मोठा केला.

मोजणीत जागा आपली ठरली. आता शेजाऱ्याचं कुंपण तेच लोक काढून देतील ना?

नाही. मोजणीदार हद्द दाखवतो. मालकी ठरवणं आणि अतिक्रमण काढणं हे त्याच्या हातात नसतं. शेजारी ऐकत नसेल तर दिवाणी न्यायालय. पण घर विकायचंच असेल तर एक विचार करा: तेवढी पट्टी सोडून उरलेल्या क्षेत्राचा व्यवहार करता येतो का? खटला लागलेलं घर घ्यायला कोण धजावतं? आमच्या ओळखीतल्या एकाने दीड फुटासाठी दावा लावला. गिऱ्हाईक गेलं, पुढे दोन पावसाळ्यांत घराची कौलंही गेली.

लगतधारक मोजणीच करू देत नाही.

तो नोटीस घेऊनही आला नाही तर मोजणी थांबत नाही. अडवत असेल तर मोजणीदाराने तसा पंचनामा करायचा आणि तुम्ही पोलीस बंदोबस्तासाठी अर्ज करायचा, त्याचे पैसे भरावे लागतात. काही मोजणीदार ‘तुमचं आपसात मिटवा, मग बोलवा’ म्हणून गाडीत बसतात. जाण्याआधी ‘अडथळ्यामुळे मोजणी झाली नाही’ असं त्यांच्याकडून लिहून घ्या. ते मिळालं नाही तर बंदोबस्ताचा अर्ज कशाच्या जोरावर करणार?

पैसे मागितले. द्यावे का? सगळेच देतात म्हणे.

सगळे देत नाहीत. देणारे बोलतात, न देणारे गप्प बसतात, त्यामुळे तसं वाटतं.

१०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार केली की आधी मागणीची पडताळणी होते, पंचांसमोर. मागणी खरी ठरली तर सापळा लावतात. सरळ मागणी क्वचितच होते हे लक्षात ठेवा. ‘साहेबांचं बघा जरा’, ‘पेट्रोलचं काय?’, ‘नकाशा लवकर हवा असेल तर’ अशी भाषा असते. अशा वेळी न समजल्यासारखं दाखवून विचारायचं: ‘म्हणजे किती आणि कशाचे?’ एकतर विषय बंद पडतो किंवा आकडा तोंडातून बाहेर येतो.

आणि देणाऱ्यांनी हेही वाचावं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच त्यातून सुटका. ‘नाइलाज होता हो’ हे आठव्या दिवशी चालत नाही.

तक्रार केली तर आमची फाईल दाबून ठेवतील.

ही भीती खोटी नाही. म्हणून पहिली तक्रार माणसाची करू नका, कामाची करा. ‘भूकरमापक उर्मट आहेत’ यावर चौकशी बसते आणि चौकशी वर्षभर चालते. ‘मोजणी अमुक तारखेला झाली, नकाशा अद्याप मिळाला नाही’ यावर मात्र काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

पायऱ्या अशा आहेत: तालुक्याला उप अधीक्षक, शहरात नगर भूमापन अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा अधीक्षक, मग विभागाचे उपसंचालक, सगळ्यात वर पुण्याला जमाबंदी आयुक्त. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. जी सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे ती मुदतीत मिळाली नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज. ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारायचं नाही, ‘का’चं उत्तर द्यायला कार्यालय बांधील नसतं. ‘माझ्या अर्जावरील टिपणी, नोंदी आणि सद्यस्थिती दर्शवणाऱ्या कागदांच्या प्रती द्या’ असं मागायचं. आमचा नकाशा असा अर्ज गेल्यानंतर नवव्या दिवशी तयार झाला. कागदाच्या प्रती मागाहून, तिसाव्या दिवशी आल्या.

बँकेचा व्हॅल्यूअर पाच मिनिटांत गेला आणि किंमत पाडली. व्यवहार मोडतोय.

आता फ्लॅटवाल्यांनी बसावं.

हिशोब समजून घ्या. सौदा ८० लाखांचा. तीस लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे ६४ लाख. व्हॅल्यूअरने ७० लाख लिहिले की कर्ज ५६ लाखांवर आलं. आठ लाखांचा खड्डा. तो खरेदीदाराने भरायचा, नाहीतर तो तुमच्याकडे भाव पाडून मागणार. म्हणून अहवाल तुमचा नसला तरी डोकेदुखी तुमचीच.

पण कमी किंमत म्हणजे दरवेळी बेजबाबदारपणा नव्हे. करारनाम्यात ‘७५० चौरस फूट’ असतं आणि ते बिल्टअप असतं, कधी सुपर बिल्टअप. व्हॅल्यूअर कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, मोजतो. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही, आतल्या भिंती येतात. बंद केलेली बाल्कनी तुमच्या दृष्टीने खोली असते, त्याच्या दृष्टीने मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम. भोगवटा प्रमाणपत्र नसेल, इमारत जुनी असेल, तर आकडा खाली येणारच.

चुकीचं कधी म्हणायचं? घरात न शिरता खालूनच फोटो काढून गेला. मजला चुकीचा लिहिला. शेजारच्या जुन्या इमारतीचे दर लावले. पार्किंग करारात असून धरलं नाही. अशा वेळी खरेदीदाराला सांगा की शाखेला लेखी कळव आणि दुसऱ्या व्हॅल्यूअरची मागणी कर. बँक ऐकेलच असं नाही, पण सोबत कागद असतील तर बरेचदा ऐकते: त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या दोन-तीन नोंदणीकृत व्यवहारांची ‘सूची दोन’ (व्यवहाराचा नोंदणी कार्यालयातला उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. दलालाने सांगितलेला भाव हा पुरावा नव्हे. तो दलालालाही पुरावा वाटत नाही.

खरं तर ही फाईल व्हॅल्यूअर यायच्या आधी तयार ठेवावी आणि तो बूट काढत असतानाच हातात द्यावी. बिचाऱ्याला त्या दिवशी आणखी चार-पाच घरं असतात. समोर तयार आकडे असले की तो ते वापरतो. करारातलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून चौरस फुटांचा आकडाही बाजूला लिहून ठेवा.

व्हॅल्यूअर खरेदीदारासमोरच म्हणाला, ‘इतक्याला कशाला घेताय?’

त्याचं काम बँकेला किंमत कळवणं आहे, जागेवर भाव करणं नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘माझ्याकडे याच बजेटमध्ये दुसरी जागा आहे’ असं खरेदीदाराच्या कानात सांगणं. हे घडलं तर खरेदीदाराकडूनच शाखा व्यवस्थापकांना ईमेल जाऊ दे, तारीख-वेळ घालून. तुम्ही बँकेचे ग्राहक नाही, म्हणून तुमच्या ईमेलला वजन कमी. यादीतून नाव जाईल एवढी धास्ती मात्र प्रत्येक व्हॅल्यूअरला असते.

शक्य असेल तर व्हॅल्यूअर आणि खरेदीदार एकाच वेळी घरात असू देऊ नका.

आमचा व्हॅल्यूअर फार चांगला आहे. म्हणाला, ‘किती आकडा हवा सांगा, लिहून देतो.’

हा सगळ्यात धोकादायक. उर्मट माणूस दिसतो तरी, हा गोड बोलून बुडवतो.

हा प्रसंग वडिलोपार्जित घर विकताना येतो. घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल तर कॅपिटल गेन काढताना त्या तारखेची बाजारभावाने किंमत धरता येते. ती जितकी जास्त, तितका कर कमी. म्हणून ‘जरा वाढवून द्या’ हा मोह होतो. पण घर-जमिनीसाठी ही किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा, म्हणजे २००१ च्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. तो दर आजही काढता येतो, आणि आयकर अधिकारी काढतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तींना दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. दोन्ही हिशोबांत २००१ चा आकडा हाच पाया. चुकीच्या अहवालाबद्दल व्हॅल्यूअरला दहा हजारांचा दंड होऊ शकतो. खोटी माहिती दिली असं ठरलं तर तुम्हाला बुडवलेल्या कराच्या दुप्पट.

अहवालात २००१ चा दर कुठून घेतला, बांधकामाचं वय किती धरलं, घसारा किती लावला हे लिहिलेलं नसेल तर तो अहवाल परत करा. आमच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात घराला लिफ्ट होती. कौलारू घराला.

खासगी सर्व्हेअर पैसे घेऊन गायब झाला.

पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. आधी लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. पुढच्या वेळी अर्धे पैसे नकाशा हातात आल्यावर.

गावठाणातलं घर आहे. ड्रोनने मोजून सनद आली, पण क्षेत्र कमी लागलंय.

गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीचा कागद देणाऱ्या स्वामित्व योजनेची कल्पना महाराष्ट्रात आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात करून पाहिली गेली, पुढे देशभर गेली. ड्रोनला छप्पर दिसतं. परसातली मोकळी जागा कोणाची, हे खाली माणसाने विचारून ठरवायचं असतं, आणि चौकशीच्या दिवशी तुम्ही मुंबईत असाल तर शेजारी सांगेल ते लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८, जुनी घरपट्टीची पावती, वाटणीपत्र असेल तर ते जोडून भूमी अभिलेखकडे दुरुस्तीचा अर्ज करा. विकायच्या आधी करा. खरेदीखतात सनदेतलंच क्षेत्र येतं, मग परसातली विहीर कोणाला विकलीत हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आम्ही परदेशात असतो. मोजणीला उभं कोण राहणार?

कुलमुखत्यारपत्र द्या, पण त्यात मोजणीसाठी हजर राहणं, जबाब देणं, हरकत घेणं, निमतान्याचा अर्ज करणं हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘घर विकण्याचे अधिकार’ लिहिलेलं असलं की कार्यालयात अडवतात. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि मुखत्यार म्हणून तो चुलतभाऊ निवडू नका ज्याचा त्याच जमिनीत हिस्सा आहे. निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जो पर्याय वर सांगितला, तो अनिवासींना नाही, हेही सीएला आधी विचारून घ्या.

चहा-पाणी द्यावं का? की तेही लाच?

चहा द्या, त्यात काही नाही. उन्हात पोल धरून उभ्या असलेल्या पोराला आधी द्या, त्याला कोणी विचारत नाही. जेवणाचा आग्रह दोन्ही बाजूंनी टाळावा, शेजाऱ्यांनीही. आमच्या निमतान्याच्या गृहस्थांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘नको ताई, डबा आहे.’ विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी वाटाण्याची उसळ आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या, डबा विहिरीवरच धुतला आणि टिपण पुन्हा उघडलं.